कॉलेजातले खेळाडू आणि मनावरचा ताण: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत खेळणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि शारीरिक शिक्षण विभागातले शिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मनावरचा ताण हा खेळाडूवर पडणाऱ्या एकूण भाराचाच भाग आहे, असं धरून सगळी उत्तरं दिली आहेत. मांडीचा स्नायू भरून आला की आपण सराव कमी करतो, नोंद ठेवतो, गरज पडली तर डॉक्टरला दाखवतो. मनासाठीही हीच कामं करायची आहेत.

सामन्याआधी पोटात गोळा येतो, हात थंड पडतात, सारखी लघवीला लागते. हा आजार आहे का?

नाही. शरीर झुंजायला तयार होत असताना अॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, पोटाकडचं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं. त्यामुळे हे सगळं होतं. थोडी धडधड कामाचीच असते. किती धडधड चालते हे खेळावर अवलंबून आहे. गोळाफेक किंवा १०० मीटर धावताना अंग चांगलं पेटलेलं लागतं, धनुर्विद्येत आणि नेमबाजीत तेवढ्याच धडधडीनं नेम हलतो.

शिटी वाजल्यावर दोन-चार मिनिटांत हे ओसरत असेल तर चिंता नको. सामना चार दिवसांवर असतानाच झोप उडाली, जेवण जाईना, सामना संपल्यावरही छातीतली धडधड थांबेना, किंवा स्पर्धेला जायचंच टाळावंसं वाटू लागलं, तर पुढची उत्तरं नीट वाचा.

ताण प्रमाणाबाहेर गेला हे ओळखायचं कसं?

एका वाईट दिवसावरून काही ठरत नाही. दोन आठवडे पाहायचे. या काळात बहुतेक दिवस झोप मोडते, चिडचिड होते, जो खेळ आवडायचा तो नकोसा वाटतो, नेहमीच्या चुका दुपटीनं होतात, छोट्या दुखापती आणि सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, मित्रांत बसणं बंद होतं. यातलं तीन-चार गोष्टींचं गणित जुळलं की थांबून बघायची वेळ आली.

मोजायची साधनंही आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं खेळाडूंसाठी वापरात आणलेल्या चाचणीची पहिली पायरी म्हणजे मागच्या चार आठवड्यांबद्दलचे १० प्रश्न. प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात आणि बेरीज १७ किंवा जास्त आली की पुढची तपासणी करायची. उदासीनतेसाठी (डिप्रेशनसाठी) 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची यादी डॉक्टर सर्रास वापरतात, तिचं मराठी भाषांतरही आहे. तिच्यात २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांकडे जावं. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्य सोडून दुसरं कुठलंही उत्तर असेल, तर बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. या चाचण्या फक्त इशारा देतात, निदान डॉक्टरच करतात.

डायरी ठेवा असं सगळे सांगतात. तिच्यात नेमकं काय लिहायचं?

शंभर पानी वही पुरते. रोज पाच नोंदी करायच्या.

पहिली नोंद सकाळच्या नाडीची. उठल्या उठल्या, अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. आठवडाभराच्या नोंदींतून तुमचा नेहमीचा आकडा कळतो. तो ५८ असेल आणि सलग तीन-चार दिवस ६५-६८ येत असेल, तर शरीर सावरलेलं नाही, आजार येतोय किंवा झोप कमी पडतेय.

दुसरी नोंद झोपेचे तास. तिसरी मनःस्थिती, १ ते ५ मध्ये. चौथी अंगदुखी, तीही १ ते ५ मध्ये.

पाचवी सरावाचा भार, आणि सगळ्यांत उपयोगी हीच. सराव संपल्यावर साधारण अर्ध्या तासानं स्वतःला विचारा, आज किती कठीण गेलं? ० म्हणजे आराम, १० म्हणजे याहून जास्त होणं शक्यच नव्हतं. हा आकडा मिनिटांनी गुणा. सकाळी ४० मिनिटं पळणं, कठीणपणा ५, झाले २००. संध्याकाळी ९० मिनिटं कबड्डी, कठीणपणा ६, झाले ५४०. दिवसाचा भार ७४०.

आठवड्याची बेरीज करून मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. सरासरी २४०० असताना एखाद्या आठवड्यात एकदम ३८०० झाले, तर पुढच्या आठ-दहा दिवसांत दुखापत, आजार किंवा मन उडणं, काहीतरी उभं राहण्याची शक्यता वाढते. सातही दिवस सारखाच भार असणंही वाईट. जड दिवसामागे हलका दिवस हवा आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुटीचा.

एक चूक हमखास होते. शेतातलं काम डायरीत कुणी धरत नाही. दिवसभर कापूस वेचला, केळीचे घड वाहिले किंवा रात्री पाणी भरलं, तर तोही भारच आहे. त्यालाही मिनिटं आणि कठीणपणा लावा. आकडा पाहिला की पाय का चालत नव्हते ते कळतं.

आमच्याकडे हा ताण कुठल्या महिन्यांत जास्त दिसतो?

ऑक्टोबर ते जानेवारी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पावसाळ्याच्या शेवटी जोर धरतात. मग विद्यापीठाच्या संघनिवडी, शिबिरं आणि त्यानंतर भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. सत्राची परीक्षाही याच दिवसांत येते आणि कापूस वेचणीही याच दिवसांत. मजूर मिळत नाही म्हणून घरून फोन येतो, "दोन दिवस ये." दिवाळीनंतर सातपुड्यातली आणि चाळीसगाव, पारोळ्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला बाहेर पडतात. मग वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला सुटीत जायला घर उघडं नसतं, आणि धाकट्या भावंडांची काळजी असतेच.

यात एसटीची भर पडते. धडगाव, अक्कलकुवा, यावल, शिरपूरकडच्या खेड्यांतून येणाऱ्यांना शेवटची गाडी गाठायची असते. संध्याकाळचा सराव लांबला की लक्ष घड्याळावर. अशा मुलाला "तुझं मन नाही खेळात" असं ऐकवणं अन्याय आहे. सराव पंधरा मिनिटं आधी सुरू केला तर त्याचा निम्मा प्रश्न सुटतो.

मार्च ते मे हा दुसरा अवघड काळ. भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, रात्रीही खोली तापलेली राहते आणि झोप तुटते. त्यावर खाली वेगळं लिहिलं आहे.

परीक्षा आणि स्पर्धा एकाच तारखेला आल्या. काय करावं?

संघाच्या यादीत नाव आलं त्याच दिवशी कागद हलवायचे. स्पर्धेहून परत आल्यावर केलेला अर्ज बहुतेक वेळा अडकतो. प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, सोबत निवडपत्राची आणि वेळापत्रकाची प्रत जोडा, क्रीडा संचालकांची सही घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर आवक शिक्का मारून स्वतःकडे ठेवा. अंतर्गत परीक्षा असेल तर विषय शिक्षकांना प्रत्यक्ष भेटून पुढची तारीख लिहून घ्या. विद्यापीठाची परीक्षा असेल तर कॉलेजमार्फत परीक्षा विभागाकडे पत्र गेलं की नाही, हे स्वतः विचारा. परतल्यावर सहभागाचं पत्र देऊन हजेरी लावून घ्या.

मुलांचा बराचसा ताण "काय होईल कोण जाणे" यामुळे असतो. शिक्का मारलेली प्रत खिशात असली की तो उतरतो. म्हणून क्रीडा संचालकांना आमची विनंती आहे की हा अर्जाचा नमुना सत्राच्या सुरुवातीलाच सगळ्या खेळाडूंना देऊन ठेवावा.

सारखा थकवा येतो, सरावाला मन लागत नाही. हे मनाचं आहे की शरीराचं?

आधी रक्त तपासा. आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर अनेकदा रक्तातच सापडतं.

हिमोग्लोबिन मुलींमध्ये १२ आणि मुलांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय आहे. दम लागतो, छाती धडधडते, चिडचिड होते, झोप झाली तरी ताजं वाटत नाही. मुलगी "घाबरट झाली" असा शिक्का बसतो, प्रत्यक्षात तिचं लोह संपलेलं असतं. हिमोग्लोबिन बरं असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून जमल्यास फेरिटिनही पाहावं. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. त्या चहा किंवा दुधाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर चांगलं शोषलं जातं. हिमोग्लोबिन वर आलं तरी साठा भरायला आणखी काही महिने लागतात, मध्येच सोडू नका.

नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी प्रत्येक खेळाडूची झालीच पाहिजे. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस करून वाहक की ग्रस्त हे ठरतं. वाहक मुलामुलींना खेळ सोडायची गरज नाही. मात्र हंगामाच्या सुरुवातीला भार हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर प्यायचं, आणि उन्हात सलग जोराच्या फेऱ्या मारताना पाय एकदम गळाले किंवा मांड्या-पाठ दुखू लागली तर तिथेच थांबायचं. अशा वेळी "नाटक करू नकोस, पळ" म्हणणं जिवावर बेतू शकतं. सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यानं डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जोराचा सराव करू नये.

थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व आणि नुकतीच झालेली कावीळ किंवा टायफॉइड, याही गोष्टी डॉक्टरांना सांगा. सगळं नीट निघालं आणि थकवा तसाच राहिला, तर अतिसराव किंवा उदासीनता याकडे वळायचं.

मेसच्या जेवणावर भागत नाही. त्याचाही मनावर परिणाम होतो का?

होतो, आणि लवकर होतो. खर्चाच्या मानानं खाणं कमी पडत राहिलं की शरीर काटकसर सुरू करतं. मुलींची पाळी अनियमित होते, हाडं कमकुवत होतात, झोप आणि मनःस्थिती बिघडते. सलग तीन महिने पाळी आली नाही तर "सरावामुळे होतंच" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

महागड्या डब्याची पावडर आणायच्या आधी हे करून पाहा. सकाळच्या सरावाच्या अर्धा-पाऊण तास आधी दोन केळी, सरावानंतर तासाभरात मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा दूध-अंडी, आणि रात्री भाकरीबरोबर डाळ वा उसळीची वाढीव वाटी. उपाशीपोटी पळून थेट लेक्चरला बसणं हे दुपारच्या चिडचिडीचं सगळ्यांत साधं कारण आहे. कळण्याची भाकरी चांगलीच, कारण तिच्यात ज्वारीबरोबर उडीदही असतो.

कुस्तीसाठी चार दिवसांत चार किलो वजन तोडायचंय. डोकं फिरल्यासारखं होतं, हे चालतं का?

चालत नाही. पाणी तोडून, प्लास्टिकचा सूट किंवा दोन स्वेटर घालून पळून उतरवलेलं वजन म्हणजे शरीरातलं पाणी. त्यानं रक्त दाटतं, चिडचिड आणि गोंधळ होतो, पकड ढिली पडते. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीपटू असंच वजन तोडताना मरण पावले आणि तिथले नियम बदलावे लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट रात्रभर प्रयत्न करूनही ५० किलोच्या वर फक्त १०० ग्रॅम राहिली आणि अंतिम लढतीआधी अपात्र ठरली. ज्यांच्या हाताशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात त्यांनाही हे जमवणं इतकं कठीण जातं.

वजनगट हंगामाआधी दोन-तीन महिने ठरवा. आठवड्याला अर्धा ते एक किलो, तेही खाण्यातून. त्यात गट बसत नसेल तर वरच्या गटात लढा.

उन्हाळ्यात झोपच लागत नाही. सरावाचं काय करू?

आठ तास झोप हे लक्ष्य ठेवा. रात्री सहाच तास मिळाली तर दुपारी २० ते ३० मिनिटांची डुलकी काढा, ती चारच्या आत संपवा. झोपायच्या आधी कोमट पाण्यानं अंघोळ, खिडकीला ओला पडदा, गच्चीवर जागा असेल तर तिथे अंथरूण. मोबाइल उशाशी नको. चहाचं शेवटचं भांडं दुपारी. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

सराव सकाळी आठच्या आत आटपा. सुटीनंतर परतलेल्या खेळाडूला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात, त्या काळात वेळ आणि वेग दोन्ही कमी ठेवा. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण पुरतं. चक्कर, धडधड, मळमळ ही लक्षणं घाबरल्यासारखी वाटतात, पण भर उन्हात ती आधी उष्माघाताची समजायची. सावली, पाणी, ओलं फडकं लगेच. आणि बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना.

ऐन सामन्यात डोकं सुन्न होतं, शिकवलेलं काहीच आठवत नाही. त्यावर काही करता येतं?

येतं, फक्त ते सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नसतो. आधी तीन-चार आठवडे सरावात करावं लागतं.

श्वासापासून सुरुवात करा. नाकानं चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. रोज रात्री पाच मिनिटं. चूक अशी होते की घाबरलेला मुलगा "खोल श्वास घे" ऐकून भराभर मोठे श्वास घेतो. मग बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि तो आणखी घाबरतो. श्वास सोडणं लांबवायचं, तिथेच फरक पडतो.

मग प्रत्येक खेळाचा आपला छोटा क्रम ठरवा. व्हॉलीबॉलची सर्व्हिस असेल तर चेंडू तीनदा आपटायचा, एक लांब श्वास सोडायचा, जिथे टाकायचा ती जागा पाहायची, मग मारायचा. कबड्डीत चढाईला निघताना ३० सेकंदांत दहा गोष्टी डोक्यात ठेवल्या की पाय अडखळतात, म्हणून रेषेवर एकच ठरवायचं: "बोनस" किंवा "डावा कोपरा". खो-खोत खांबाकडे धावताना "वाक" एवढा एक शब्द पुरतो. असा शब्द काय करायचं ते सांगणारा हवा. "चुकू नको" म्हटलं की डोक्यात चूकच राहते.

सरावात थोडं दडपण मुद्दाम आणा. शेवटची तीन मिनिटं, चार गुणांनी मागे, बाकीचा संघ आरडाओरडा करतोय, असं आठवड्यातून दोनदा खेळवा. दडपण नेहमीचं झालं की सामन्यात ते नवं वाटत नाही.

पोलीस भरतीची तयारी आणि कॉलेजचा संघ दोन्ही चालू आहे. दोन्ही बिघडतंय.

सकाळी पाचला अकादमीचं ग्राउंड, संध्याकाळी संघाचा सराव, मधे लेक्चर. डायरीत बेरीज केली की बिघाडाचं कारण आकड्यात दिसतं. भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांना १०० मीटर व गोळाफेक असते. कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्याचा वेगाचा सराव संघातच होत असतो. म्हणून हंगामात अकादमीचं ग्राउंड आठवड्याला दोन दिवसांवर आणा: एक दिवस लांब अंतर, एक दिवस गोळा. दोन्हीकडच्या सरांना एकमेकांचं वेळापत्रक द्या. हे काम मुलांना अवघड जातं, म्हणून कॉलेजच्या सरांनीच फोन करावा.

सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाबद्दल खूप गैरसमज आहेत आणि त्यातून नंतर मोठी निराशा येते. नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र चालत नाही. पदाच्या गटाप्रमाणे स्पर्धेची पातळी आणि मिळालेला क्रमांक ठरलेला असतो, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. पहिल्या वर्षालाच हे नियम वाचा.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता ग्राउंडकडे बघवतही नाही.

दुखापतीनंतर उदास वाटणं, राग येणं, आपली जागा गेली असं वाटणं हे बहुतेक खेळाडूंना होतं. गुडघ्यातला एसीएल बंध जोडल्यानंतर मैदानात परतायला साधारण नऊ महिने लागतात. एवढा काळ संघापासून तुटून राहणं हेच जास्त त्रासाचं. आठवड्यातून तीन दिवस सरावाला या: गुण लिहा, व्हिडिओ काढा, नव्या मुलांना पकड दाखवा. फिजिओकडून दोन-दोन आठवड्यांची उद्दिष्टं लिहून घ्या, गुडघा किती अंश वाकला, एका पायावर किती वेळ उभं राहता आलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही उडी मारताना भीती वाटली तर ती लपवू नका. भीतीनं आखडून खेळणाऱ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका असतो.

मनाची तयारी नाही म्हणून स्पर्धेतून माघार घेतली तर?

तो निर्णय योग्य असू शकतो. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिनं २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत दिशेचं भान सुटत असल्यानं सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवली. मात्र माघार घेऊन घरी बसून राहिलं तर भीती वाढते. माघारीबरोबरच पुढच्या आठवड्याचा हलका सराव आणि डॉक्टरांची भेट ठरवा.

मुलींना कोणत्या वेगळ्या अडचणी येतात?

"लग्न ठरलं की खेळ बंद" ही टांगती तलवार, अंधार पडायच्या आत घरी पोचायची घाई, ग्राउंडवर कपडे बदलायला खोली नसणं, पाळीच्या दिवसांत पांढरी चड्डी. शेवटच्या दोन गोष्टी कॉलेज एका आठवड्यात सोडवू शकतं. गडद रंगाचा गणवेश आणि कडी लागणारी एक खोली, एवढंच लागतं.

शरीराला नको तसा स्पर्श, रात्रीचे मेसेज, "संघात राहायचंय ना?" अशी भाषा, हा लैंगिक छळ आहे. २०१३ च्या कायद्यानं प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते. मेसेज पुसू नका. मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा कायदा) लागू होतो, मदतीसाठी १०९८. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. वसतिगृहात रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२.

मी प्रशिक्षक आहे. मी काय बदलू?

निवडीचे निकष चाचणीआधी लिहून फलकावर लावा. पराभवानंतर त्याच रात्री चुकांचा पाढा वाचू नका, दुसऱ्या दिवशी सांगा. चूक दाखवायची ती बाजूला घेऊन, एका वेळी एकच. शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावू नका. पळणं हीच शिक्षा झाली की सरावाची गोडी जाते आणि भाराचा हिशोबही बिघडतो. आठवड्याला प्रत्येकाशी पाच मिनिटं एकटं बोला. झोप कशी आहे, घरी काय चाललंय, काही दुखतंय का, एवढं विचारलं तरी पुरतं. धडगावचा मुलगा मराठीत अडखळत असेल तर त्याच्या भाषेतला मोठा खेळाडू सोबत बसवा.

आणि ऐकलेलं संघात फोडू नका. एकदा फुटलं की त्या संघातलं दुसरं कुणीही कधी बोलणार नाही.

पोरगं घरी आल्यावर बोलतच नाही. आम्ही काय विचारायचं?

"ताण आहे का?" असं विचारलं तर नाही म्हणेल. "डोकं दुखस", "जीव घाबरस" अशा शब्दांत तो सांगत असतो, ते हसण्यावारी नेऊ नका. निकाल विचारण्याआधी जेवलास का, झोपलास का हे विचारा. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. घरच्या कर्जाचा, कापसाच्या भावाचा विषय त्याच्यापासून लपत नाही. पण सामन्याच्या आदल्या रात्री फोनवर तो काढू नका.

भगताकडे, देवाला नेण्याची घरच्यांची इच्छा असेल तर त्यावरून भांडण नको. पण डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही, आणि मारहाण, उपाशी ठेवणं असं काही होऊ द्यायचं नाही.

मित्र म्हणतो, जगण्यात अर्थ नाही. गंमत समजू की खरं?

खरंच समजा. शांतपणे, सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं असे विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, इजा करता येईल असं काहीही हाताशी राहू देऊ नका. शेतकरी घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवणं हे यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम. "कुणाला सांगू नको" असं वचन देऊ नका. घरच्यांना किंवा सरांना कळवा, १४४१६ ला (टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला) फोन लावा, धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा सरळ जिल्हा रुग्णालय.

आवडती जर्सी, बूट वाटून टाकणं, निरोपाचे मेसेज, बरेच दिवस खचलेला मुलगा अचानक अगदी शांत होणं, याकडे दुर्लक्ष करू नका. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली होती असंच मानतो.

मानसोपचाराची गोळी घेतली तर डोपिंगमध्ये अडकेन का? आणि संघातून काढतील का?

उदासीनतेवर नेहमी दिल्या जाणाऱ्या एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या बंदी यादीत नाहीत. धडधडीसाठी दिली जाणारी प्रोप्रॅनोलॉल धनुर्विद्या आणि नेमबाजीत निषिद्ध आहे. एकाग्रतेसाठीची मिथाइलफेनिडेट स्पर्धाकाळात निषिद्ध आहे, तिच्यासाठी उपचाराची परवानगी आधी काढावी लागते. डॉक्टरांना "मी खेळाडू आहे" हे पहिल्याच भेटीत सांगा. गोळीचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनानं बंद केली तर त्रास उलटतो. गोळी घेता हे डॉक्टर कॉलेजला सांगू शकत नाहीत, कायद्यानं तुमची माहिती गोपनीय आहे.

दुकानात मिळणारी बिनबिलाची प्री-वर्कआउट पावडर मात्र घेऊ नका. तिच्यात काय आहे ते डब्यावर पूर्ण लिहिलेलं नसतं, आणि भरमसाट कॅफीननं धडधड वाढते. तंबाखूनं ताण उतरतो असं वाटतं, कारण तलफ तेवढ्यापुरती भागते.

आमच्या कॉलेजात समुपदेशक नाही. सुरुवात कुठून करायची?

१४४१६, टेलिमानस. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर ग्राउंडवरच्या साहित्याच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. सूचनाफलकावरचा कागद पावसात जातो.

प्रत्यक्ष भेटीसाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग विचारा. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, डायरी, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत न्या. पहिल्यांदा जाताना एक मित्र बरोबर असावा. तालुक्यात राहणाऱ्यांनी ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं ते विचारून ठेवावं. कॉलेजनं मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाला आणि क्रीडा विभागातल्या एका शिक्षिकेला आठवड्यातून एक तास या कामासाठी नेमावं, आणि तो तास वेळापत्रकात छापावा.